विद्युत मोटारगाडीचे टायर

विद्युत मोटारगाडीचे टायर म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या मोटारगाडीचे वजन, तिच्या मोटरचा जोर आणि तिच्याकडून अपेक्षित असलेला शांत प्रवास लक्षात घेऊन घडवलेले किंवा निवडलेले हवेचे टायर होत. रचनेच्या दृष्टीने ते पेट्रोल किंवा डिझेल गाडीच्या टायरांपेक्षा वेगळ्या जातीचे नसतात. रबर, पोलादी तारा, कृत्रिम धागे आणि दाबाखालील हवा हेच त्यांचेही घटक असतात. फरक असतो तो त्यांच्याकडून एकाच वेळी मागितल्या जाणाऱ्या गुणांमध्ये. त्यांना जास्त भार पेलावा लागतो, ऊर्जा कमी खर्चावी लागते, ओल्या रस्त्यावर पकड टिकवावी लागते आणि आवाजही कमी करावा लागतो.

आलिशान विद्युत गाड्यांच्या बाबतीत हा ताण सर्वाधिक असतो. मूळ टायर झिजल्यावर त्यांच्या जागी दुसरे बसवताना टायरच्या निवडीची जबाबदारी गाडीच्या मालकावर येते. पल्ला, पकड, शांतता, टिकाऊपणा व किंमत यांपैकी एक गोष्ट वाढवताना बहुधा दुसरी थोडी सोडावी लागते. भार पेलण्याची क्षमता आणि वेगमर्यादा या दोन बाबतींत मात्र तडजोडीला जागा नसते. टायरवर 'ईव्ही' असा शिक्का असणे हे भारक्षमतेचे प्रमाण नव्हे. ते प्रमाण टायरच्या बाजूवर कोरलेल्या अंकांत असते.

## इतिहास

हवेच्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटिश अभियंते रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली घेतले. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये ही कल्पना नव्याने मांडून ती व्यवहारात आणली. विद्युत गाडी आणि हवेचे टायर यांचा संबंध जुना आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विद्युत होती. बेल्जियमचे कामीय जेनात्झी यांनी १८९९ साली फ्रान्समध्ये 'ला जामे कोंतांत' या गाडीतून ताशी सुमारे १०५.९ किलोमीटर वेग गाठला. त्या गाडीला मिशेलिन कंपनीचे टायर होते.

पुढे मिशेलिनने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी रबरात सिलिका मिसळून कमी ऊर्जा खर्चणारे टायर बाजारात आणले. आजच्या विद्युत गाड्यांचे टायर या दोन सुधारणांवर उभे आहेत. २०१० नंतर मोठ्या बॅटरीच्या आलिशान गाड्या रस्त्यावर आल्या आणि त्यांचे वजन पेलण्यासाठी प्रचलित मापांचे टायर अपुरे पडू लागले. २०२१ साली पिरेली कंपनीने अमेरिकेतील ल्युसिड एअर या विद्युत गाडीसाठी 'एचएल' म्हणजे 'हाय लोड' वर्गाचे टायर सादर केले.

## वजन आणि भारक्षमता

१०० किलोवॅट-तासांच्या आसपास क्षमता असलेला बॅटरीसंच एकटाच अनेक शेकडो किलोग्रॅम वजनाचा असतो. त्यामुळे ल्युसिड एअरच्या मोठ्या बॅटरीच्या आवृत्त्यांचे वजन २,३०० किलोग्रॅमहून अधिक, मर्सिडीज-बेंझ ईक्यूएस ५८० चे सुमारे २,६०० किलोग्रॅम आणि बीएमडब्ल्यू आय७ च्या एक्सड्राइव्ह६० आवृत्तीचे त्याहूनही थोडे अधिक भरते. यात प्रवासी व सामान यांची भर पडते.

टायर भार पेलतो तो मुख्यतः आतील हवेच्या बळावर. हवेचे आकारमान व दाब जितके अधिक, तितकी भारक्षमता अधिक. आलिशान गाड्यांना २० किंवा २१ इंची रिम देण्याची प्रथा आहे. रिम मोठी झाली व टायरचा बाहेरचा व्यास तोच राहिला की मधली रबरी भिंत बुटकी होते आणि हवेला जागा कमी उरते. म्हणजे वजन वाढत असताना ते पेलणारी हवा मात्र कमी होते. ही तूट दाब वाढवून आणि टायरचा सांगाडा मजबूत करून भरून काढावी लागते.

### भारनिर्देशांक

प्रत्येक टायरच्या बाजूवर मापानंतर एक अंक व एक अक्षर असते. अंक हा भारनिर्देशांक होय आणि तो एका टायरची कमाल भारक्षमता ठरावीक तक्त्यानुसार सांगतो. काही निर्देशांक पुढीलप्रमाणे आहेत:

- ९६ : ७१० किलोग्रॅम
- ९९ : ७७५ किलोग्रॅम
- १०१ : ८२५ किलोग्रॅम
- १०२ : ८५० किलोग्रॅम
- १०३ : ८७५ किलोग्रॅम
- १०५ : ९२५ किलोग्रॅम
- १०८ : १,००० किलोग्रॅम

आवश्यक निर्देशांक गाडीच्या एकूण वजनाला चारने भागून ठरवत नाहीत. त्यासाठी प्रत्येक आसावर येऊ शकणारा कमाल भार पाहावा लागतो. हा आकडा गाडीवरील पट्टीवर किंवा कागदपत्रांत दिलेला असतो. उदाहरणार्थ, मागील आसाचा कमाल भार १,७०० किलोग्रॅम असल्यास प्रत्येक टायरने किमान ८५० किलोग्रॅम पेलले पाहिजेत, म्हणजे निर्देशांक १०२ किंवा त्याहून वरचा हवा. तेथे ९९ निर्देशांकाचे दोन टायर बसवल्यास त्यांची एकत्रित क्षमता १,५५० किलोग्रॅम होते आणि भरलेल्या गाडीत १५० किलोग्रॅमची तूट राहते. एकटा चालक असलेल्या रिकाम्या गाडीत ही तूट जाणवत नाही, म्हणूनच ती धोकादायक ठरते. प्रत्यक्षात गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या निर्देशांकाच्या खाली जाऊ नये, असा नियम पाळला जातो.

### एसएल, एक्सएल व एचएल

एकाच मापाचा टायर तीन भारवर्गांत मिळू शकतो. सर्वसाधारण वर्गाला एसएल व वाढीव भाराच्या वर्गाला एक्सएल म्हणतात. युरोपीय मानकांत एसएल टायरची क्षमता २५० किलोपास्कल (सुमारे ३६ पीएसआय) व एक्सएलची २९० किलोपास्कल (सुमारे ४२ पीएसआय) दाबाला मोजली जाते. त्यामुळे एसएलच्या जागी एक्सएल बसवताना दाब तोच ठेवला, तर वाढीव क्षमता मिळेलच असे नसते.

एचएल वर्ग एक्सएलच्याही वरचा आहे आणि त्याची खूण मापाच्या आधी लिहिली जाते. ल्युसिड एअरच्या २१ इंची चाकांसाठी पुढे 'एचएल २४५/३५ आर २१' (निर्देशांक ९९) आणि मागे 'एचएल २६५/३५ आर २१' (निर्देशांक १०३) असे टायर दिले गेले. याच मापांचे एक्सएल टायर अनुक्रमे ९६ व १०१ निर्देशांकाचे असतात. म्हणजे एका टायरमागे पुढे ६५ व मागे ५० किलोग्रॅमचा फरक पडतो. रुंदी, उंची व रिम तंतोतंत जुळत असल्याने हे टायर रिमवर बसतात, गाडी सुरळीत चालते आणि दुकानातील किंमतही कमी असते. तरीही एचएलच्या जागी त्याच मापाचा एक्सएल टायर बसवणे योग्य नसते.

### कमी क्षमतेचे परिणाम

क्षमतेपेक्षा जास्त भार किंवा आवश्यकतेपेक्षा कमी हवा असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते व आत उष्णता साठते. दीर्घ काळ वेगात चालवल्यास रबर व पोलादी पट्टे यांची जोडणी सैल होऊन वरचा थर सुटू शकतो. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. वरचा थर सुटून झालेल्या त्या अपघातांची चौकशी करताना टायरची घडण, हवेचा दाब, भार व उष्णता या सर्वांची चर्चा झाली. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या कायद्यातून नव्या गाड्यांत टायरचा दाब कमी झाल्यास इशारा देणारी यंत्रणा सक्तीची होण्याचा मार्ग खुला झाला. ती प्रकरणे विद्युत गाड्यांची नव्हती, परंतु भार, दाब व उष्णता यांचे नाते सर्व गाड्यांना सारखेच लागू होते.

## वेगचिन्ह

भारनिर्देशांकानंतरचे अक्षर टायरची कमाल वेगमर्यादा सांगते. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटर. रस्त्यावर कोणी हे वेग गाठत नसले, तरी वरचे चिन्ह उष्णता सहन करण्याची क्षमताही दर्शवते.

## लोटन रोध आणि पल्ला

फिरणारा टायर रस्त्याला टेकताना दबतो व पुढे पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही भाग उष्णतेत जातो. यामुळे चाकाच्या गतीला होणाऱ्या विरोधास लोटन रोध म्हणतात. हा रोध चाकावरील भाराच्या जवळपास प्रमाणात वाढतो, म्हणून जड गाडीत टायरच्या निवडीचा पल्ल्यावर अधिक परिणाम होतो.

युरोपीय महासंघाच्या टायर पट्टीवर लोटन रोधाचे 'ए' ते 'ई' असे वर्ग असतात. मोटारगाडीच्या टायरसाठी 'ए' वर्गाचा गुणांक ६.५ न्यूटन प्रति किलोन्यूटन किंवा त्याहून कमी असतो, तर 'सी' वर्गाची वरची मर्यादा ९.० आहे. भरलेल्या २,५०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीवर हा रोध पहिल्या बाबतीत सुमारे १५९ न्यूटन व दुसऱ्या बाबतीत सुमारे २२१ न्यूटन येतो. ६१ न्यूटनांच्या या फरकामुळे १०० किलोमीटरमागे सुमारे १.७ किलोवॅट-तास ऊर्जा जास्त लागते. १०० किलोमीटरला २० किलोवॅट-तास खर्चणाऱ्या गाडीत ही वाढ आठ टक्क्यांहून अधिक भरते.

चाकांच्या मापाचा परिणामही मोठा असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२१ च्या आकड्यांनुसार ल्युसिड एअरच्या 'ग्रँड टूरिंग' आवृत्तीचा पल्ला १९ इंची चाकांवर ५१६ मैल (सुमारे ८३० किलोमीटर) व २१ इंची चाकांवर ४६९ मैल (सुमारे ७५५ किलोमीटर) होता. या फरकात टायरसोबत चाकाचे वजन व हवेचा अवरोध यांचाही वाटा असतो.

नवे टायर बसवल्यावर पल्ला घटल्याचे बऱ्याच चालकांच्या लक्षात येते. याचा अर्थ टायर सदोष आहेत असा होत नाही. झिजलेल्या टायरवर रबराचा थर पातळ असल्याने तो कमी ऊर्जा खातो, तर पूर्ण जाडीचा नवा टायर त्याच कंपनीचा व त्याच नमुन्याचा असला तरी अधिक ऊर्जा घेतो. त्यामुळे नव्या टायरची तुलना झिजलेल्या टायरशी न करता, जुना टायर नवा असतानाच्या आकड्यांशी करणे योग्य ठरते.

## पकड

रस्त्याच्या सूक्ष्म खडबडीतपणावर रबर अडण्यासाठी त्याने ऊर्जा खर्चणे आवश्यक असते. त्यामुळे लोटन रोध कमी करणे व पकड वाढवणे ही उद्दिष्टे परस्परविरोधी वाटतात. मात्र लोटन रोधाचा संबंध रबराच्या तुलनेने मंद कंपनांशी, तर पकडीचा संबंध अतिशय जलद कंपनांशी असतो. सिलिकायुक्त रबरात या दोन्ही अवस्थांतील वर्तन काही प्रमाणात वेगवेगळे साधता येते. चांगल्या प्रतीचे टायर महाग असण्याचे हे एक कारण आहे. स्वस्त टायरमध्ये लोटन रोधाचा वर्ग चांगला दिसला, तरी ओल्या पकडीचा वर्ग खालचा असू शकतो. म्हणून हे दोन्ही वर्ग एकत्र वाचावे लागतात.

भार वाढला की पकडही वाढते, पण ती भाराइतक्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे जड गाडीत ओल्या रस्त्यावरील पकडीला विशेष महत्त्व येते. विद्युत गाडी वेग कमी करताना मोटर जनित्राचे काम करून ऊर्जा बॅटरीत परत भरते. हा रोधक जोरही शेवटी टायरमार्फतच रस्त्यावर पोहोचतो. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर लाभदायक असला, तरी साचलेल्या पाण्यावर तरंगण्याचा धोका त्यात जास्त असतो. अशा वेळी खाचांची खोली निर्णायक ठरते.

## आवाज

इंजिनाचा आवाज नसल्याने विद्युत गाडीत टायरचा आवाज ठळकपणे ऐकू येतो. टायरच्या पोकळीतील हवा साधारण २०० हर्ट्झच्या आसपास अनुनाद करते व तो घुमणारा सूर चाकामार्फत गाडीच्या आत पोहोचतो. तो शमवण्यासाठी काही टायरच्या आतील बाजूस पॉलियुरेथेन फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. असा टायर पंक्चर झाल्यास त्या जागेचा फोम काढून दुरुस्ती करावी लागते आणि तिची रीत उत्पादकागणिक बदलते. मूळ टायर फोमचे असतील व बदली टायर साधे घेतले, तर सुरक्षिततेत फरक पडत नाही, परंतु गाडीतील शांतता कमी होऊ शकते. पट्टीवर डेसिबलमध्ये दिलेला आकडा गाडीबाहेर पडणाऱ्या आवाजाचा असतो, आतील आवाजाचा नव्हे.

## झीज

विद्युत मोटर उभ्या अवस्थेतूनच जवळजवळ पूर्ण पीळ देते. वजन व हा पीळ यांमुळे टायर जलद झिजतात, विशेषतः मागील चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत. झीज चालकाच्या सवयी, हवेचा दाब व चाकांची जुळणी यांवरही अवलंबून असते. पुढचे व मागचे टायर एकाच मापाचे असतील, तर ठरावीक अंतराने त्यांची अदलाबदल करून आयुष्य वाढवता येते. बऱ्याच आलिशान गाड्यांत मागचे टायर अधिक रुंद असल्याने ही सोय नसते.

## उत्पादकांच्या खुणा

गाडीची कंपनी व टायरची कंपनी मिळून एखाद्या गाडीसाठी टायर जुळवून घेतात तेव्हा त्यावर विशेष खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीज-बेंझसाठी 'एमओ', पोर्शसाठी 'एन' ने सुरू होणारी आणि टेस्लासाठी 'टी' ने सुरू होणारी खूण वापरली जाते. एकाच नावाच्या व मापाच्या दोन टायरांत या खुणेमुळे रबर, सांगाडा किंवा फोम यांचा फरक असू शकतो. खूण नसलेला टायर निर्देशांक जुळत असल्यास बसवता येतो, मात्र पल्ला, आवाज व हाताळणी मुळासारखीच राहील असे गृहीत धरता येत नाही.

'इलेक्ट' (पिरेली), 'पायलट स्पोर्ट ईव्ही' (मिशेलिन), 'आयऑन' (हानकुक) यांसारखी नावे ही कंपन्यांची व्यापारी नावे आहेत. त्यांमागे अभियांत्रिकी काम असते, परंतु ती भारनिर्देशांकासारखी समान मानकाने ठरलेली नाहीत. त्याचप्रमाणे 'ईव्ही' न लिहिलेला, पण योग्य भारवर्गाचा व चांगल्या पट्टीचा टायरही विद्युत गाडीला चालू शकतो.

## बदलताना घ्यावयाची काळजी

- टायर किमान एका आसावर जोडीने बदलावेत. एकाच आसावर वेगवेगळ्या नमुन्यांचे किंवा फार वेगळ्या झिजेचे टायर नसावेत.
- दोनच नवे टायर घेतल्यास व चारही मापे समान असल्यास नवे टायर मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरणे सावरण्यास अधिक कठीण असते.
- टायरवरील चार अंकी तारीख पाहावी. '३५२४' म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा.
- गाडी जॅकवर घेताना उत्पादकाने दाखवलेल्या जागीच आधार द्यावा. बॅटरी गाडीच्या तळाशी असल्याने चुकीच्या जागी जॅक लावल्यास तिला इजा होऊ शकते. हवेवरील सस्पेन्शन असल्यास ते आधी जॅकसाठीच्या स्थितीत आणावे लागते.
- हवेचा दाब गाडीवरील पट्टीप्रमाणे, टायर थंड असताना भरावा. टायरच्या बाजूवरील कमाल दाब हा शिफारस केलेला दाब नसतो.
- लहान रिमवर जायचे असल्यास ते माप उत्पादकाने त्या आवृत्तीसाठी मान्य केलेले असावे. मोठ्या ब्रेकमुळे लहान रिम बसतेच असे नाही.

## भारतातील स्थिती

मर्सिडीज-बेंझने २०२२ साली ईक्यूएस ५८० या गाडीची जुळणी पुणे जिल्ह्यातील चाकण येथील कारखान्यात सुरू केली. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारगाडीच्या टायरला भारतीय मानक आयएस १५६३३ लागू होते. लोटन रोध, ओली पकड व आवाज यांच्या किमान अटी एआयएस-१४२ या मानकाद्वारे २०२२ मध्ये अधिसूचित झाल्या. मोटारगाडीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी, असा नियम आहे. ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. मुसळधार पावसात त्याआधीच पाणी बाहेर फेकण्याची क्षमता बरीच घटलेली असते.

२०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबविरहित टायर, दाबमापक यंत्रणा व दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारगाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. दुरुस्ती संचातील द्रव ट्रेडमधील लहान छिद्र बुजवू शकतो, पण खड्ड्यात आपटून फाटलेली भिंत नाही. त्यामुळे खराब रस्त्यांवर बुटक्या टायरांऐवजी, उत्पादकाने मान्य केलेल्या लहान रिमवरील उंच भिंतीचे टायर अधिक व्यवहार्य ठरतात.

## पर्यावरण

विद्युत गाडीला धुराची नळी नसली, तरी टायरच्या झिजेतून रबराचे कण बाहेर पडतात व वजनाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते. टायरमधील ६-पीपीडी या संरक्षक रसायनापासून बनणारा क्विनोन हा पदार्थ कोहो सॅमन माशांना घातक असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. युरोपीय महासंघाच्या २०२४ च्या 'युरो ७' नियमांत टायरच्या झिजेवर प्रथमच मर्यादा घालण्याची तरतूद झाली.

## हे सुद्धा पहा

- विद्युत वाहन
- टायर
- घर्षण
- लिथियम-आयन बॅटरी